बाबांचं स्वातंत्र्य, मामाचं स्वातंत्र्य

नंदानगरची (धागालेखिका)

रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे-जलेबी येते, पाठोपाठ मामा येतो, आणि मामा आला की भांडण. आई म्हणते, जिरावण पोह्यांवर आणि राजकारण या दोघांवर भुरभुरल्याशिवाय इंदूरात रविवार उजाडत नाही.

बाबा गिरणी कामगार. विणकाम खात्यात आधी सहा वर्षं बदली कामगार, मग कायम, मग गिरणीच बंद. मामाचं क्लॉथ मार्केटात दुकान. मामा बाबांना 'दाजी' म्हणतो आणि आमच्या भिंतीवर दुसरे दाजी, कम्युनिस्ट कामगार पुढारी होमी दाजी. लहानपणी मला वाटायचं, हेही कुणाचे तरी मेव्हणेच असणार.

गेल्या रविवारी बाबांनी माझ्या लेकाला दाखवायला कपाटातून बिल्ला काढला. पितळेचा, जुन्या रुपयाहून थोडा मोठा, वर भोक, मधे नंबर ठोकलेला, कडा झिजून गुळगुळीत. बदलीच्या दिवसांत पहाटे फाटकाशी उभं राहायचं. पाळीचा भोंगा झाला, कायमचा माणूस आला नाही, आणि जॉबरची, म्हणजे माणसं घेणाऱ्या मुकादमाची, मर्जी असली, तरच हाक. नाहीतर सायकल उलटी फिरवायची.

मामा म्हणाला, "पण दाजी, तुम्हाला कोणी बांधून तर नेलं नव्हतं ना? पटत नव्हतं तर जायचं नव्हतं. यालाच स्वातंत्र्य म्हणतात."

बाबा म्हणाले, "आणि संध्याकाळी पीठ? ते तुझ्या दुकानातून?"

"म्हणजे उपास घडला की गुलामी?"

"उपासाच्या भीतीने जॉबरपुढे मान खाली घालावी लागली, ती गुलामी."

मग मामाने रशिया काढला, बाबांनी सावकार काढले, जलेबी गार झाली.

रात्री मी विचार करत बसले. दोघं तीस वर्षं एकाच शब्दावरून भांडतायत. मामाच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे मानगुटीवर कुणाचा हात नसणं. सरकारचा, राजाचा, गुंडाचा. भूक हा हात नव्हे, ती कुणी मुद्दाम घातलेली बेडी नाही. बाबांच्या लेखी भूकही हातच. फाटकाच्या आत साचे (माग) एकाचे आणि फाटकाबाहेर पोटं शेकड्यांची, ही व्यवस्था काही आभाळातून पडली नाही. माणसांनी केली, कायद्याने राखली. मग ती बेडी का नाही?

गंमत अशी की मालमत्तेबाबत दोघांचं मूळ एकच निघतं. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ लॉक म्हणतो, शरीर माणसाचं, म्हणून अंगमेहनत त्याची, म्हणून पडीक जमिनीत ती मेहनत कालवली की जमीनही त्याची. मामाचं 'माझ्या घामाचं दुकान' हे शंभर टक्के लॉक. मार्क्सही घामापासूनच निघतो, फक्त विचारतो की कापड विणलं कोणी आणि ठाणावर शिक्का कुणाचा? लॉकच्याच लिखाणात 'माझ्या नोकराने कापलेली हरळी माझी' असं जाता जाता येऊन जातं. नोकराचा घाम मालकाच्या खात्यात कसा जमा झाला, हे लॉक एका ओळीत उरकतो. मार्क्सचं आयुष्य त्याच ओळीत गेलं.

समता, लोकशाही, न्याय या शब्दांचंही असंच आहे का? जाणकारांनी लिहा. 'दोन्ही बाजू चोर' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते मामी दर रविवारी म्हणते.

जिरावण_जास्त

वाचतोय. बाकी पोह्यांवर उसळ घ्यायची की नुसती शेव, यावर तरी दाजी-मेव्हण्यांचं एकमत आहे का?

शेअरवाला

बाबांबद्दल आदर ठेवून मामांच्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळे बाबांकडेच झुकणार हे दिसतंय.

भूक हीच बेडी धरली, तर ती तोडायला सगळ्यांच्या पोटाची हमी कुणीतरी घ्यायला हवी. कोण घेणार? सरकार. म्हणजे गिरण्या सरकारच्या, दुकानं सरकारची, म्हणजे अख्ख्या गावाला फाटक एकच. मालवा मिलमध्ये जॉबरशी वाकडं आलं तर माणूस राजकुमार मिलच्या फाटकावर जाऊ शकतो, तिथे नाही जमलं तर कल्याणमल. सगळी फाटकं एकाच्याच हातात गेली तर जॉबरशी वाकडं म्हणजे थेट राज्याशी वाकडं. अर्थशास्त्रज्ञ हायेक १९४४ मध्ये हेच सांगत होता.

आणि हे घडलेलं आहे. सोव्हिएत संघात १९३२ साली अंतर्गत पासपोर्ट आला. शहरात राहायचं तर तो हवा. सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना मात्र तो सरसकट द्यायचा निर्णय झाला १९७४ मध्ये. कामगार-शेतकऱ्यांचं राज्य, आणि शेतकऱ्याला परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, बेचाळीस वर्षं! बदली कामगाराला निदान सायकल उलटी फिरवता येत होती.

पाळी_तिसरी

> मालवा मिलमध्ये जॉबरशी वाकडं आलं तर माणूस राजकुमार मिलच्या फाटकावर जाऊ शकतो

भिया, कधी उभे राहून बघितलंत का? त्या फाटकावरही तेवढेच जण उभे असायचे. माझे आजोबा त्यांतलेच.

तुमच्या 'कुणी बांधून नेलं नाही' या स्वातंत्र्याचा कळस ऐका. न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की बेकरीतल्या कामगाराला दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, पाच विरुद्ध चार मतांनी. कारण? कामगाराच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला येतो. म्हणजे जास्त तास राबणं हा त्या बिचाऱ्याचा हक्क, आणि सरकार तो हिरावून घेतंय! ज्या घटनादुरुस्तीच्या आधारे हा निकाल दिला ती १८६८ ची, गुलामी संपल्यावर मुक्त झालेल्या काळ्या माणसांना संरक्षण द्यायला केलेली. तीच भट्टीसमोरच्या माणसाविरुद्ध वापरली.

शेअरवाला

तो निकाल मलाही पटत नाही. पण पुढे तिथल्याच न्यायालयाने ती भूमिका सोडली, १९३७ मध्ये. चूक सुधारायची सोय त्या व्यवस्थेत होती, माझा मुद्दा एवढाच.

पाळी_तिसरी

बत्तीस वर्षांनी. तोवर पाव भाजणारे गेले.

मांडवीचा_मोरू

बडोद्याहून नमस्कार. आमच्या गावाचा हिस्सा सोडून चर्चा पुढे जाऊ देणार नाही.

१० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. बाजूने ४८, विरोधात एकही नाही, तटस्थ ८. त्या आठांत सोव्हिएत गटातले सहा. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता, तिथे 'सर्व मानव' करायला लावलं ते हंसा मेहतांनी. पुढे त्या आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.

पण खरी मजा पुढची. जाहीरनाम्याला कायद्याचं रूप द्यायची वेळ आली तेव्हा एक करार होईना, दोन करावे लागले, १९६६ मध्ये. एकात बोलण्याचे, मताचे, खटल्याचे हक्क. दुसऱ्यात काम, अन्न, शिक्षण, आरोग्य. मामांचा करार वेगळा आणि बाबांचा वेगळा! अमेरिकेने पहिला १९९२ मध्ये कायम केला, म्हणजे स्वतःवर बंधनकारक मानला. दुसऱ्यावर १९७७ मध्ये सही केली, पण कायम अजून केलेला नाही. चीनने नेमकं उलटं केलं: दुसरा २००१ मध्ये कायम केला, पहिल्यावर १९९८ पासून नुसती सही.

आणि सोव्हिएत संघाने दोन्ही कायम केले, १९७३ मध्ये. शेअरवाल्यांनी सांगितलेला शेतकरी तेव्हाही पासपोर्टाविना गावातच होता.

नंदानगरची

मोरूदादा, हे आजच बाबांना वाचून दाखवते. (मामाला अर्धंच दाखवेन.)

मांडवीचा_मोरू

ताई, एक राहिलं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलगा शाळेत आला नाही तर बापाला दंड. आता सांगा, बापाचं स्वातंत्र्य गेलं की मुलाचं आलं? ना भांडवलदार ना कम्युनिस्ट, एक राजा, तोही इंग्रजांचा मांडलिक. तुमच्या दोन्ही पोथ्यांत हा माणूस बसवून दाखवा.

शेअरवाला

सहज बसतो. मूल अजाण असतं, करार करू शकत नाही, म्हणून अपवाद.

पाळी_तिसरी

आणि भुकेला जाणता असतो का?

जिरावण_जास्त

+१ दोघांनाही. पॉपकॉर्न संपले, शेव घेऊन बसलोय.

ग्वाल्हेरचे_आजोबा

मी ग्वाल्हेरला पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. धाग्यात रस्सीखेच सुरू झालीय म्हणून आधी दोन गैरसमज निस्तरतो.

पहिला समतेचा. 'कम्युनिझम म्हणजे सगळ्यांना सारखं' असं मुलं पेपरात लिहायची, मी गुण कापायचो. मार्क्सने १८७५ मध्ये जर्मन समाजवाद्यांच्या कार्यक्रमावर टीका केली, त्यात तो समान हक्कालाच धारेवर धरतो. दोन साच्यांवर दोन विणकर, सारखं काम, सारखी मजुरी. एक सडाफटिंग, दुसऱ्याच्या घरी पाच तोंडं. मजुरी समान, पण घरातली ताटं समान भरली का? म्हणून त्याचं अंतिम सूत्र 'प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे'. म्हणजे मुद्दाम असमान वाटप. उदारमतवाद्याची समता म्हणजे नियम सगळ्यांना एक, पळायची रेघ एक, मग कोण कुठे पोचतो ते ज्याचं त्याचं. मार्क्स म्हणतो, एकच माप निरनिराळ्या माणसांना लावणं हीच असमता. मामा रेघ बघतात, बाबा ताट बघतात.

आता गंमत. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेत 'गरजेप्रमाणे' नाहीच! तिथे कलम १२ मध्ये आहे 'प्रत्येकाला कामाप्रमाणे', आणि शेजारी 'जो काम करणार नाही तो खाणारही नाही'. हे वाक्य मुळात बायबलमधलं. मामांनी दुकानात गादीच्या वर लावलं तर कुणाला शंकाही येणार नाही.

दुसरा गैरसमज लोकशाहीचा. ते लोक लोकशाहीला शिव्या देत नव्हते, आमचीच खरी म्हणत होते. तर्क असा: पक्ष हे वर्गांचे असतात, मालकांचा एक, कामगारांचा एक. मालकवर्गच संपवला तर दुसरा पक्ष कुणाचा? त्या तर्काने १२ डिसेंबर १९३७ ची निवडणूक झाली, मतपत्रिकेवर उमेदवार एकच. त्या आणि पुढच्या वर्षात त्यांच्याच दप्तरांनुसार ६ लाख ८० हजारांहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. तर्क किती तर्कशुद्ध होता हे मी वर्गात समजावून सांगायचो, आणि मग हा आकडा फळ्यावर लिहून खडू ठेवून द्यायचो.

हे त्यांच्यातल्यांना आधी कळलं नव्हतं असंही नाही. रोझा लक्झेंबर्ग पक्की क्रांतिकारक. १९१८ मध्ये तुरुंगात बसून तिने रशियन साथींना सुनावलं की वेगळा विचार करणाऱ्याला असतं तेच स्वातंत्र्य.

पाळी_तिसरी

सर, दंडवत. पण दुसऱ्या बाजूचाही फळा पुसू नका. केरळात १९५७ मध्ये लोकांनी मतपेटीतून कम्युनिस्ट सरकार आणलं, १९५९ मध्ये दिल्लीने ते बरखास्त केलं. निवडून दिलेलं चालतं, पण ठराविकच?

ग्वाल्हेरचे_आजोबा

मान्य. तेही फळ्यावर असायचं. आणि तुमच्या इंदूरने १९६२ मध्ये होमी दाजींना लोकसभेत पाठवलं, अपक्ष म्हणून. कापड बाजार आणि कापड गिरणी एकाच मतदारसंघात, आणि निवडून आला लाल बावट्याचा माणूस. दिल्लीत जाऊन बसला, कुणी हटवलं नाही. हेही त्याच देशात, तीनच वर्षांनी.

काळाकोट_इंदूर

न्यायाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून कोर्टातून आल्या आल्या लिहितेय.

गिरणी बुडाली की उरलेल्या मालमत्तेवर पहिला हक्क कुणाचा? जुना नियम साधा होता: ज्याने तारण घेऊन कर्ज दिलं तो आधी, म्हणजे बँक. कामगार मागे. मालमत्ता पवित्र मानली की असाच न्याय निघतो, त्यात कुणाची लबाडी नसते. तारणाची शाश्वती नसेल तर उद्या कर्ज कोण देईल आणि नवी गिरणी कोण काढील, हा युक्तिवाद हसण्यावारी न्यायचा नाही.

१९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनी गुंडाळायची सुनावणी असेल तर कामगारालाही ऐकलं पाहिजे. भागधारकाने पैसा घातला, कामगाराने आयुष्य. पुढे १९८५ मध्ये कंपनी कायदा बदलला आणि कामगारांची देणी तारणवाल्या सावकाराच्या बरोबरीला आली. पुढे नाही हं, बरोबरीला. लॉक आणि मार्क्स एका रांगेत उभे केले आपल्या संसदेने.

आणि रांग किती लांब असते तेही सांगते. हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांच्या देण्याचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ ला, जवळपास ४,८०० कामगारांसाठी. बऱ्याच ठिकाणी पैसे घ्यायला वारस आले.

शेअरवाला

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

नंदानगरची

काळाकोटताई, बाबांची गिरणी वेगळी, पण रांग तीच. त्यावर इथे लिहीत नाही, चिडचिड होते.

मी १९३६ ची सोव्हिएत घटना शोधून वाचली. कलम १२५ वर थबकले. भाषणाचं, वृत्तपत्राचं, सभेचं स्वातंत्र्य आहे म्हणे, आणि ते खरोखर मिळावं म्हणून छापखाने, कागदाचा साठा, सार्वजनिक इमारती, रस्ते श्रमिकांच्या हवाली केलेत. कागदाचा साठा! आपल्या घटनेत अभिव्यक्तीचा हक्क आहे, पण कागदाचं कुणी बोललेलं नाही. मला क्षणभर वाटलं, बाबाच बरोबर. छापायला कागदच नाही तर बोलायचं स्वातंत्र्य चाटायचं?

मग कलमाची सुरुवात परत वाचली. हे सगळं 'श्रमिकांच्या हिताला धरून आणि समाजवादी व्यवस्था बळकट करण्यासाठी'. हित कशात हे ठरवणार तोच, ज्याच्याकडे कागदाच्या गोदामाची किल्ली.

ग्वाल्हेरचे_आजोबा

मुली, त्या किल्लीपाशी पोलंडचे कामगार १९८० मध्ये पोचले. ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला, २१ मागण्या फाटकावर लावल्या. पहिली मागणी पगाराची नव्हती. पक्षापासून स्वतंत्र कामगार संघटना, ही पहिली. कामगारांच्या राज्यात कामगारांना मालकाविरुद्ध संघटना हवी होती, कारण मालक कोण ते त्यांना कळलं होतं.

आणि आंबेडकर. तुमच्या शेजारी महूला जन्मलेले, म्हणून तरी इंदूरकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण पूर्ण वाचावं. २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जगात शिरणार, मतात समता आणि आर्थिक-सामाजिक जगण्यात विषमता, हा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच भाषणात ते म्हणतात की घटनेला शिव्या देणारे दोन आहेत, कम्युनिस्ट आणि समाजवादी. कम्युनिस्टांना संसदीय लोकशाहीच नको. समाजवाद्यांना सत्तेत आल्यावर भरपाई न देता खासगी मालमत्ता ताब्यात घ्यायची मोकळीक हवी, आणि सत्ता नाही मिळाली तर राज्य उलथायचीही मोकळीक हवी. कुणाला बरं वाटावं म्हणून बोलणारा माणूस नव्हता तो. मालमत्तेचा मूलभूत हक्क आपण पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने काढला, आता तो ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क आहे. कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांत आहे, कोर्टात मागता येत नाही. म्हणजे मामांचं अर्धं काढून घेतलं आणि बाबांचं अर्धंच दिलं.

मांडवीचा_मोरू

सर, आधी पोस्टिंग बडोद्याला का नाही घेतलंत?

ग्वाल्हेरचे_आजोबा

बदली मिळाली नाही. फाटकाशी उभा होतो.

नंदानगरची

आज रविवार. कलम १२५ वाचून दाखवलं.

मामा लगेच म्हणाला, "छान! पण सरकारविरुद्ध छापायचं असलं तर कागद कोण देणार?"

बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, हरले. आई आतून म्हणाली, "ते पत्रक आठवतंय का?"

मला हे माहीतच नव्हतं. गिरणी बंद पडायच्या आधी कामगारांना एक पत्रक काढायचं होतं. पाटनीपुऱ्यातले दोन छापखानेवाले नाही म्हणाले. मालकाची छपाईची कामं त्यांच्याकडे होती, कोण कशाला वाकडं घेईल. बाबा म्हणाले, "बघ, पोलीस आला नव्हता. कुणी बंदी घातली नव्हती. तरी छापेना."

मामा म्हणाला, "पण छापलं ना शेवटी?"

छापलं. मामाची बिलबुकं जिथे छापायची तिथे, राजवाड्यामागच्या बोळात. तो छापखानेवाला म्हणाला, मला काय, माझं गिऱ्हाईक कापड बाजार आहे. पिवळ्या कागदावर, एका बाजूने, दोन हजार प्रती. मामाने स्वतःच्या नावावर बिल टाकून घेतलं आणि गठ्ठा सायकलवर बांधून आणला.

"म्हणून म्हणतो," मामा म्हणाला, "फाटकं दोन हवीत."

"आणि ज्याला मेव्हणा नाही त्याने?" बाबा म्हणाले.

मामाने जलेबीचा तुकडा मोडला. "त्या पत्रकाचे साडेतीनशे रुपये अजून यायचेत, दाजी."

शेअरवाला

व्याज धरलं का मामांनी?

नंदानगरची

नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाला, तुमच्या तत्त्वात बसत नाही ना, म्हणून सोडलं. मुद्दल मात्र हवंय.